चढावर गाडीचा पिकअप मरतो? डिझेल गाडी तपासण्याचा योग्य क्रम

घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडी अचानक ओढेनाशी होते. पॅडल तळाला टेकलं तरी आरपीएम अडीच हजारांपुढे सरकत नाही, मागच्या गाड्या हॉर्न मारायला लागतात. गॅरेजमध्ये नेली की पहिलं निदान ठरलेलं असतं: "नोझल गेलेत." इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे नोझल) उतरतात, टेस्टिंगला जातात, हजारो रुपये मोजले जातात आणि आठवड्याने गाडी त्याच चढावर पुन्हा बसते. कारण दोष इंटरकूलरच्या (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) फाटलेल्या होजमध्ये होता आणि तिथे कोणी हात लावलाच नव्हता.

इंजिनाची ताकद चार कारणांनी जाते. हवा कमी पडते, डिझेल कमी पडतं, जळालेला धूर बाहेर पडू शकत नाही, किंवा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, स्वतःहून ताकद कापतो. पाचवी शक्यता फसवी असते: इंजिन ठणठणीत असतं, पण क्लच घसरतो किंवा ब्रेक धरून राहतो. आपण कोणत्या गटात आहोत हे कळण्याआधी एकही पार्ट बदलायचा नाही. पुढचा सगळा क्रम त्यासाठीच आहे.

इथले आकडे १,२४८ सीसीच्या कॉमन रेल डिझेल इंजिनाचे आहेत, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या. जुन्या डिझेल स्विफ्ट, डिझायर, रिट्झमध्ये, तसंच टाटाच्या व्हिस्टा, मान्झात आणि फियाटच्या पुंटो, लिनियात हेच इंजिन आहे. दुसरं कुठलंही टर्बो डिझेल असेल तर क्रम तोच राहतो, आकडे मॅन्युअलमधून घ्या.

## १. रस्त्यात ताकद गेली त्या क्षणी

चारही इंडिकेटर लावा, डावीकडे सरका, खालचा गिअर टाका. गाडी रांगत असली तर वळणावर थांबवू नका, मोकळी कडा मिळेपर्यंत चालू द्या. इंजिन पूर्ण बंद पडलं तर ब्रेकच्या बूस्टरमध्ये दोन-तीन दाबांपुरताच व्हॅक्यूम शिल्लक असतो. त्यामुळे ब्रेकचं पॅडल पंप करू नका, एकदाच दाबून धरा. स्टिअरिंग जड होईल, पण फिरेल.

ऑइलचा लाल दिवा लागला किंवा टेंपरेचरचा काटा वर गेला, तर लगेच इंजिन बंद करा. त्या गाडीला पुढची तपासणी लागू नाही, ती टो करून न्या. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ही मदत क्रमांकाची सेवा आहे.

दोन्हीपैकी काही नसेल तर एक चाचणी तिथेच करून घ्या, कारण ती नंतर मिळत नाही. इंजिन बंद करा, चावी काढा, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. ताकद पूर्ण परत आली तर ईसीयूने संरक्षणासाठी ताकद कापली होती आणि त्याच्या मेमरीत कारण नोंदलेलं आहे. काहीच फरक पडला नाही तर यांत्रिक दोषाची शक्यता वाढते: होज निसटला, फिल्टर तुंबला, क्लच गेला. थांबल्यावर परत येते आणि काही किलोमीटरनी पुन्हा हळूहळू जाते, असं असेल तर डिझेल कमी पडत असल्याचा संशय पहिला घ्या.

सावधान: मागून दाट निळा धूर येतोय आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम आपोआप चढतोय, तर इंजिन टर्बोतून येणारं ऑइल जाळतंय. चावी बंद करून ते थांबणार नाही. ब्रेक घट्ट दाबा, वरचा गिअर टाका आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा.

## २. लक्षण लिहून काढा

"पिकअप नाही" एवढं सांगून भागत नाही. कागदावर उतरवा: इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? कोणत्या आरपीएमला? अचानक की हळूहळू? झटके मारत की शांतपणे? टाकीत डिझेल किती होतं? धुराचा रंग कोणता? शूंऽऽ असा आवाज येतो का? शेवटचं काम कोणतं झालं होतं?

शेवटचा प्रश्न लोक हसण्यावारी नेतात, पण सर्व्हिसिंगनंतर आठवड्याभरात सुरू झालेली तक्रार बहुतेक वेळा सर्व्हिसिंगमध्येच सापडते. एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप नीट बसलेली नसते, सेन्सरचं सॉकेट अर्धवट लावलेलं असतं, नाहीतर डिझेल फिल्टर बदलताना एअर राहिलेली असते.

काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. धूर अजिबात नाही आणि ताकदही नाही, म्हणजे डिझेलच कमी किंवा ईसीयूने कापलंय. निळा धूर ऑइलचा. गरम इंजिनातून पांढरा धूर येत असेल तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. एवढ्यावर अर्धी वाट ठरते.

"घाटात हवा विरळ असते म्हणून दम टाकते" हे स्पष्टीकरण मात्र स्वीकारू नका. लोणावळा-खंडाळा सहाशे मीटरच्या थोडं वर आहे. बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला साधारण १ टक्का घटते आणि टर्बो त्यातली बरीच भरून काढतो. एवढ्या उंचीवर धडधाकट टर्बो डिझेल दुसऱ्या गिअरवर यायला नको.

## ३. हाताशी काय हवं

ओबीडी रीडर (गाडीच्या तपासणी सॉकेटला लावून ईसीयूतली माहिती वाचणारं यंत्र) आणि फोनवरचं ॲप. साधा ब्लूटूथ रीडर पुरतो, फक्त चालू आकडे दाखवणारा आणि लॉग साठवणारा घ्या. ओबीडी-२ भारतात एप्रिल २०१३ पासून सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाडीत सॉकेट तसंच दिसलं तरी साधा रीडर जोडला जाईलच असं नाही, तेव्हा कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठावं लागतं.

बाकी: १०, १२, १३ चे पाने, स्क्रूड्रायव्हर, टॉर्च, साबणाचं पाणी भरलेली स्प्रे बाटली, हातपंपाचा व्हॅक्यूम गेज, दूरून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन, अर्धा मीटर पारदर्शक डिझेल पाइप, चार सारख्या बाटल्या, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा.

सावधान: पंप, रेल आणि इंजेक्टर यांच्यामधल्या लोखंडी पाइपचे नट इंजिन चालू असताना कधीही ढिले करू नका. जुन्या डिझेल गाड्यांत नट ढिला करून "कुठला सिलिंडर मिसिंग" हे पाहायची पद्धत होती. कॉमन रेलमध्ये त्या पाइपात १,४०० ते १,६०० बारपर्यंत दाब असतो. त्याची बारीक धार कातडीतून आत शिरते, जखम टाचणीएवढी दिसते आणि बोट कापायची वेळ येऊ शकते. तसं झालंच तर वेदना नसली तरी थेट हॉस्पिटल.

## ४. कोड वाचा, पुसू नका

चावी ऑन, इंजिन बंद. ईसीयूने नोंदलेले दोषाचे कोड रीडरने वाचा, साठलेले आणि पेंडिंग (अजून पक्के न झालेले) असे दोन्ही, आणि स्क्रीनशॉट घ्या. कोडसोबत "फ्रीझ फ्रेम" असते, म्हणजे दोष नोंदला त्या क्षणाचा आरपीएम, वेग, लोड, तापमान. तीही जपा. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं: मेकॅनिक कोड पुसतो, दिवा जातो, गाडी चार दिवस पळते आणि पुरावा गेलेला असतो.

ताकदीच्या तक्रारीत सहसा हे कोड भेटतात. पी००८७ म्हणजे रेलमध्ये डिझेलचा दाब कमी. पी०२९९ म्हणजे टर्बोचा दाब कमी, पी०२३४ म्हणजे तो मर्यादेपेक्षा जास्त. पी०१०१ आणि पी०१०२ हवेच्या मास सेन्सरचे, म्हणजे इंजिनात किती हवा येते ते मोजणाऱ्या सेन्सरचे. पी०४०१ आणि पी०४०२ ईजीआरचे, म्हणजे थोडा जळालेला धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे. पी२१३८ ॲक्सिलरेटर पॅडलच्या दोन सेन्सरांचं जमत नसल्याचा. पी२४६३ डीपीएफमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवरच्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साठल्याचा.

कोड कुठे पाहायचं ते सांगतो, कोणता पार्ट बदलायचा ते सांगत नाही. पी०२९९ आला म्हणून टर्बो बदलणाऱ्यांनी आधी वीस रुपयांची क्लिप पाहावी. कोड नसला तरी दोष नाही असं मानू नका: तुंबायला लागलेला फिल्टर आणि घसरणारा क्लच बरेच दिवस कोड देत नाहीत.

## ५. ताकद इंजिनाचीच गेलीय ना?

अर्ध्या तासाचं काम आहे, पण गाळलं तर पुढचं सगळं फुकट जाऊ शकतं.

क्लच. एकाच गिअरमध्ये आरपीएमला वेगाने भागलं तर उत्तर कायम सारखंच यायला हवं. सपाट रस्त्यावर चौथ्यात ५० च्या वेगाला आरपीएम पाहा, मग चढावर पॅडल पूर्ण दाबून त्याच वेगाला पुन्हा पाहा. आरपीएम दोन-चारशेने जास्त दिसला तर क्लच प्लेट घसरतेय. इंजिनात शोधायला काही नाही.

ब्रेक. शक्यतो ब्रेक न लावता आठ-दहा किलोमीटर चालवा आणि चारही चाकांच्या मध्यभागी इन्फ्रारेड गन धरा. एकाच ॲक्सलवरच्या डाव्या-उजव्या चाकांत २०-३० अंशांचा फरक आला तर कॅलिपर किंवा हँडब्रेकची केबल धरतेय. पावसाळ्यात बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत हे हमखास.

पॅडल. आधी पायाखालची जाड मॅट काढा. जाडजूड मॅट पॅडलला पूर्ण खाली जाऊ देत नाही. मग चावी ऑन, इंजिन बंद ठेवून पॅडल सावकाश दाबा आणि ॲपमधला आकडा पाहा. तो मध्ये न उडता सलग वाढायला हवा. काही गाड्यांत पूर्ण दाबूनही ७५-८० च दिसतात, तो दोष नव्हे.

ब्रेक लाइटचा स्विच. तो अडकून राहिला तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबलेत असं ईसीयूला वाटतं आणि बऱ्याच गाड्यांत तो ताकद कापतो. मागे दुसऱ्या माणसाला उभं करून ब्रेक लाइट पाहून घ्या.

## ६. चालत्या गाडीतले आकडे

निदान खरं तर याच टप्प्यात होतं. पाच गोष्टी लॉगवर लावा: आरपीएम, पॅडल, मॅप म्हणजे इनटेकमधला दाब, मास सेन्सरची हवा आणि रेलचा दाब. गाडी एकाने चालवायची, फोन दुसऱ्याने पाहायचा. एकटे असाल तर लॉग सुरू करून फोन खिशात टाका आणि घरी येऊन पाहा.

आधी इंजिन बंद, चावी ऑन. या वेळी मॅपचा आकडा बाहेरच्या हवेच्या दाबाएवढाच हवा: मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्या-नाशकात साधारण ९५, महाबळेश्वरला सुमारे ८६. यात मोठा फरक असेल तर मॅप सेन्सरच चुकतोय किंवा त्याच्या तोंडावर काजळी बसलीय. तो साफ केल्याशिवाय पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

इंजिन पूर्ण गरम झाल्यावर रिकामा, सरळ, थोडा चढाचा रस्ता निवडा. एक्सप्रेसवेचा घाट यासाठी नको. तिसरा गिअर, १,५०० आरपीएम, मग पॅडल तळापर्यंत आणि ३,००० पलीकडे जाईपर्यंत तसंच. दोनदा करा.

सावधान: उभ्या गाडीत रेस करून "बूस्ट बरोबर आहे" म्हणणं निरर्थक. लोड नसताना टर्बो नीट दाब तयारच करत नाही. गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते आणि घाटात रुसते, त्याचं निम्मं कारण हेच.

निरोगी इंजिनात या चाचणीत मॅप १९० ते २२० किलोपास्कलपर्यंत चढतो. हवा ३,००० आरपीएमच्या आसपास सेकंदाला ५०-६० ग्रॅमच्या घरात जाते. रेलचा दाब आयडलला २५० ते ३५० बार असतो, पॅडल तळाला गेल्यावर तो हजाराच्या वर जातो आणि तिथे टिकतो. स्कॅनर "मागितलेला" आणि "मिळालेला" असे दोन्ही दाब दाखवत असेल तर दोन रेषा जवळजवळ एकमेकींवर बसायला हव्यात.

आता वाचन.

मॅप कमी, पण मास सेन्सरची हवा भरपूर: मोजलेली हवा टर्बोनंतर बाहेर गळतेय. होज, क्लिप, इंटरकूलर पाहा.

मॅप कमी आणि हवाही कमी: हवा आतच येत नाही किंवा टर्बो फिरत नाही. एअर फिल्टर, टर्बोचा ॲक्च्युएटर (त्याचा दाब कमी-जास्त करणारी काठी हलवणारा भाग), अडकलेला ईजीआर, तुंबलेला सायलेन्सर.

मॅप ठीक, पण पॅडल दाबल्यावर रेलचा दाब घसरतो: डिझेलची बाजू.

मॅप सुरुवातीला प्रमाणाबाहेर उसळतो आणि पुढच्याच क्षणी ताकद कापली जाते: अडकलेला टर्बो, सहसा पी०२३४ सोबत.

सगळे आकडे ठीक, आणि तरी गाडी ओढत नाही: टप्पा ५ पुन्हा करा, नाहीतर कॉम्प्रेशन तपासायला द्या.

## ७. हवेची बाजू

एअर फिल्टर काढून डब्याचा तळ पाहा. उंदरांनी आणलेला चिंध्या-कागदाचा ढीग तिथे सापडणं आपल्याकडे दुर्मिळ नाही. फिल्टर ओला असेल तर पाणी आत गेलंय, तो वाळवून परत लावू नका, नवा घ्या. फिल्टर न लावता "ट्राय" घ्यायचा मोहही टाळा. टर्बोचं पातं खडा सहन करत नाही.

मास सेन्सर फक्त त्याच्यासाठीच्या क्लीनरने धुवा. कार्ब क्लीनर, कापड, कंप्रेसरची हवा यातलं काहीही त्याची बारीक तार किंवा फिल्म कायमची बिघडवतं. फवारल्यावर दहा मिनिटं वाळू द्या, मग सॉकेट लावा.

मग टर्बोपासून इंटरकूलर आणि तिथून इनटेकपर्यंतचा प्रत्येक होज हाताने चाचपा, खालच्या बाजूनेही. चीर बहुतेक वेळा खाली किंवा क्लिपखाली असते आणि दाब आल्यावरच उघडते. आतून ऑइलचा पातळ थर सामान्य आहे. बाहेर ओला काळा डाग दिसला तर गळती तिथेच. ऑइलने फुगून मऊ पडलेला होज कितीही आवळला तरी निसटतो, तो बदलाच. प्लॅस्टिकच्या नळीवरची क्लिप मात्र जीव खाऊन आवळू नका, नळीच तडकते.

डोळ्यांना दिसत नसेल तर दाब देऊन पाहा. टर्बोच्या बाहेर पडणाऱ्या तोंडावरून होज काढा, होजच्या टोकाला व्हॉल्व्ह बसवलेलं बूच लावा, रेग्युलेटरने ०.५ बार हवा भरा आणि सगळीकडे साबणाचं पाणी मारा. बुडबुडे जागा दाखवतील. ऑइलच्या काठीच्या भोकातून येणारी हलकी फुसफुस व्हॉल्व्ह आणि रिंगमधून येते, ती चालते.

सावधान: ही हवा टर्बोच्या आधीच्या, फिल्टरकडच्या पाइपात भरू नका. इंजिनाची ब्रीदर नळी तिथे जोडलेली असते आणि दाब क्रँककेसमध्ये (इंजिनाच्या खालच्या, ऑइल असलेल्या भागात) शिरून ऑइल सील बाहेर ढकलतो.

होज पक्के निघाले तर ॲक्च्युएटर. ७५ पीएसच्या गाडीत स्थिर भूमितीचा टर्बो आणि दाबावर चालणारा वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वगळून सोडणारी झडप) असतो. त्याच्या छोट्या रबरी नळीला चीर गेलीय का, काठी अर्धवट उघडी अडकलीय का ते पाहा. ९० पीएसच्या गाडीत फिरत्या पात्यांचा टर्बो असतो. व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर असेल तर हातपंप जोडून ०.६ बार व्हॅक्यूम द्या: काठी सलग आत जायला हवी, मिनिटभर धरून राहायला हवी आणि सोडल्यावर एका झटक्यात परत यायला हवी. धरत नसेल तर डायफ्राम फाटलाय. मध्येच अडकत असेल तर आतली पाती काजळीने जाम झालीत. ॲक्च्युएटरची व्हॅक्यूमची नळी आणि सोलेनॉइडपर्यंतची प्रत्येक बारीक नळी पाहा, उंदरांना ती फार आवडते.

शेवटी टर्बोचं चाक हाताने फिरवा. आडवा किंचित खेळ असतोच. पण चाक आत-बाहेर हलत असेल किंवा पाती घराला घासल्याची खूण दिसत असेल तर टर्बो उतरवायची वेळ आलीय. नवा बसवण्यापूर्वी त्याची ऑइलची नळी बदला. जुन्या टर्बोचा जीव पुष्कळदा त्याच तुंबलेल्या नळीने घेतलेला असतो.

## ८. डिझेलची बाजू

इथला क्रम पैशांच्या क्रमाने लावा. टाकीचं झाकण, फिल्टर, एअर, टाकीतली जाळी, पंपावरचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जाईल ते ठरवणारा) आणि सगळ्यात शेवटी इंजेक्टर. गॅरेजमध्ये तो हमखास उलटा लावला जातो.

ताकद गेल्यावर टाकीचं झाकण उघडा. आत जोरात हवा ओढल्याचा आवाज आला आणि गाडी सुधारली तर टाकीला हवा मिळत नाहीये. झाकण किंवा तिची व्हेंट नळी पाहा.

फिल्टर बदलायची मुदत मॅन्युअलमध्ये आहे, पण संशय असेल तर मुदतीची वाट पाहू नका. आधी त्याच्या तळाचा नळ सोडून एका काचेच्या बाटलीत साधारण १०० मिली डिझेल घ्या आणि दहा मिनिटं ठेवा. तळाला वेगळा थर साचला तर पाणी आहे. जुना फिल्टर कापून आतला कागद पसरा. काळा चिकट गाळ किंवा तांबडा गंज म्हणजे टाकी साफ करायला हवी.

सावधान: कागदावर चांदीसारखी चमक दिसली तर तिथेच थांबा, गाडी चालू करू नका. हाय प्रेशर पंप आतून झिजतोय आणि तो चुरा रेल व इंजेक्टरपर्यंत पोचतोय. फक्त पंप बदलून भागत नाही, सगळी लाइन उघडून धुवावी लागते.

नवा फिल्टर बसवताना त्याच्या स्वच्छ बाजूने कॅनमधलं डिझेल ओतू नका. ते गाळलेलं नसतं आणि सरळ पंपात जातं. हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर चावी ऑन-ऑफ पाच-सहा वेळा करा, प्रत्येक वेळी काही सेकंद थांबून. मग स्टार्टर एका वेळी १० सेकंदांपेक्षा जास्त मारू नका आणि मध्ये अर्धा मिनिट विश्रांती द्या. चालू होत नाही म्हणून स्टार्टिंग स्प्रे मारणं हा ग्लो प्लग (थंडीत सिलिंडर तापवणारी कांडी) असलेल्या इंजिनात धोकाच आहे.

एअर घेते का हे पाहण्यासाठी फिल्टर आणि पंप यांच्यामधल्या कमी दाबाच्या नळीत पारदर्शक पाइप जोडा. इंजिन चालू झाल्यावर पहिल्या मिनिटात काही बुडबुडे जातात, ते ठीक. नंतरही माळ चालू राहिली तर फिल्टरची रिंग, नळीचं क्विक कनेक्टर किंवा टाकीकडची नळी हवा ओढतेय. डिझेल बाहेर गळत नाही म्हणून इथे दोष नाही, हे गणित चुकीचं आहे. ज्या बाजूला डिझेल ओढलं जातं तिथे हवा आत जाते आणि बाहेर थेंबही दिसत नाही.

पाव टाकीच्या खाली गेल्यावरच त्रास होत असेल तर टाकीतली जाळी किंवा पंप.

एवढं करूनही रेलचा दाब पडत असेल तर इंजेक्टरची रिटर्न चाचणी. प्रत्येकाची रिटर्न नळी वेगळी करून सारख्या बाटलीत सोडा, इंजिन दोन मिनिटं आयडलला आणि मग एक मिनिट २,००० वर ठेवा. चारही पातळ्या जवळपास सारख्या हव्यात. एकाची इतरांच्या दुप्पट भरली तर तो दाब खातोय. चारही सारख्या आणि कमी असतील तर इंजेक्टरना सोडा, पंप आणि त्याच्या मीटरिंग व्हॉल्व्हकडे वळा. पिझो प्रकारच्या इंजेक्टरवर ही चाचणी अशी उघड्याने करू नका, त्यांना रिटर्नमध्येही दाब लागतो. गाडीत कोणते आहेत ते आधी खात्री करून घ्या.

इंजेक्टर उतरवलेच तर प्रत्येकावर सिलिंडरचा क्रमांक लिहा. परत बसवताना तांब्याचा वॉशर नवाच वापरा. ज्या इंजेक्टरवर अक्षर-अंकांचा कोड छापलेला आहे तो बदलल्यावर नवा कोड स्कॅनरने ईसीयूत भरावा लागतो. तो न भरता गाडी चालते, पण ठोका आणि धूर घेऊन.

## ९. ईजीआर आणि बाहेर जाणारी वाट

ईजीआर उघडा अडकला की जळालेला धूर सतत आत येतो. खालच्या आरपीएमला गाडी मेलेली, काळा धूर, आयडल खडबडीत. आयडलला मास सेन्सरची हवा नेहमीपेक्षा बरीच कमी दिसते. व्हॉल्व्ह काढून काजळी प्लॅस्टिकच्या पट्टीने खरवडा, धातूचा भाग क्लीनरने धुवा, मोटर असलेला भाग द्रवात बुडवू नका. गॅस्केट नवी. इनटेकचं तोंडही पाहा, तिथे काजळीने वाट निम्मी झालेली असते. पत्रा लावून ईजीआर बंद करायचा जुगाड करू नका. ईसीयूला हवेच्या आकड्यावरून ते कळतं, पी०४०१ येतो आणि पुन्हा ताकद कापली जाऊ शकते. उत्सर्जन यंत्रणेशी छेडछाड बेकायदा आहे ते वेगळंच.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत डीपीएफ हा मोठा संशयित. चावी ऑन, इंजिन बंद असताना त्याच्या दाबफरकाचा आकडा शून्य हवा. नसेल तर आधी सेन्सर आणि त्याच्या दोन नळ्या पाहा. इंजिन चालू करून आयडलला १ किलोपास्कलच्या आत असणं चांगलं. रोज तीन-चार किलोमीटर शहरात चालणारी गाडी काजळी जाळून संपवू शकत नाही. दिवा नुकताच लागला असेल तर मॅन्युअलप्रमाणे, बहुतेकदा २,००० च्या वर आरपीएम ठेवून वीसएक मिनिटं महामार्गावर सलग चालवून काम होतं. त्याआधी ऑइलची काठी पाहा: पातळी कमालीच्या खुणेच्या वर गेली असेल तर ऑइलमध्ये डिझेल मिसळलंय, आधी ऑइल बदला. आणि डीपीएफ का भरला ते शोधा. गळका इंजेक्टर किंवा फाटलेला होज तसाच ठेवला तर साफ केलेला डीपीएफ पुन्हा भरतो.

पेट्रोल आणि सीएनजी गाडीत हाच आराखडा चालतो, फक्त संशयित बदलतात: इग्निशन कॉइल, प्लग, टाकीतला कमजोर पंप, गरम झाल्यावर बंद पडणारा क्रँक सेन्सर. सीएनजीवर ताकद जाते आणि पेट्रोलवर नाही, तर प्लगची गॅप आणि गॅसचा फिल्टर पाहा. दोन्हीवर जात असेल तर किटला दोष देऊ नका.

## १०. दुरुस्ती झाली, हे कसं ठरवायचं

कोड आता पुसा. त्याच रस्त्यावर, त्याच गिअरमध्ये, तेवढीच माणसं बसवून टप्पा ६ ची चाचणी पुन्हा करा आणि आधीच्या लॉगशेजारी ठेवा. सुधारणा आकड्यात दिसायला हवी, "आता बरी वाटते" हे चालणार नाही. बॅटरी काढून लावली तरी काही काळ गाडी बरी वाटते, कारण ईसीयूचे शिकलेले हिशोब पुसले जातात.

एका वेळी एकच बदल करा. फिल्टर, ईजीआर आणि होज एकाच दिवशी केले तर गाडी सुधारेल, पण तक्रार परत आल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

तीस-चाळीस किलोमीटर चालवल्यावर पेंडिंग कोड पुन्हा वाचा. दिवा लागण्याआधी ते तिथे दिसतात. इंजिन थंड झालं की बदललेल्या होजच्या क्लिप एकदा हाताने तपासा, नवा रबर पहिल्या काही दिवसांत बसतो आणि क्लिप सैल पडते. काम गॅरेजमध्ये देणार असाल तर टप्पा २ चा कागद, कोडचे स्क्रीनशॉट आणि लॉग सोबत न्या, आणि जुने पार्ट परत मागून घ्या.